मॅडम, त्या एका ओळीबद्दल

आदरणीय प्राचार्य मॅडम,
सादर नमस्कार.

आपल्या महाविद्यालयाने दिलेले अनुभव प्रमाणपत्र आज पुन्हा उघडून पाहिले. त्यातला टंकलिखित मजकूर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवणाऱ्या कोणालाही मिळतो तसाच आहे: विषय, सत्र, तासिका. त्याखाली मात्र आपण हिरव्या शाईने स्वतः लिहिले आहे की, मी चार वर्षे विद्यार्थ्यांची मार्गदर्शक शिक्षक म्हणून काम केले असून त्या कामाच्या नोंदी आपण पाहिल्या आहेत.

आणि त्या आपण खरोखरच पाहिल्या होत्या. सहीसाठी कागद पुढे ठेवला तेव्हा आपण माझी वही मागवून घेतलीत, पाने उलटत गेलात आणि धडगावकडच्या एका मुलीच्या नावासमोर 'दिवाळीनंतर गैरहजर' एवढेच वाचून विचारलेत, "ही परत आली का?" मॅडम, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, धाकट्या भावंडांना सांभाळायला तीही गेली होती आणि फोन लागत नसल्याने बाजाराच्या दिवशी तिच्या गावच्या जीपवाल्याकडे मी तीनदा निरोप धाडला होता. ती आली, परीक्षा अर्ज भरला, आता तृतीय वर्षाला आहे, हे मी सांगितले आणि आपण वही मिटून पेन उघडलेत.

याआधीच्या महाविद्यालयात नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून मी रात्री जागून मार्गदर्शक-विद्यार्थी वह्या पूर्ण केल्या, पण मुखपृष्ठावर नावे लागली ती कायमस्वरूपी नोकरीतल्या प्राध्यापकांची. एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे तेव्हा नॅकने विचारले; वहीतले अक्षर कोणाचे, हे कोण विचारणार? प्रमाणपत्र मागायला गेले तर "तासिकावाल्यांना असले काही देत नाहीत" असे उभ्याउभ्या ऐकून परत आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामाची दखल आहे, परंतु ती पदोन्नतीच्या मूल्यमापनात, आणि आम्हाला पदोन्नतीच नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांचे हे काम कुणीतरी लिहून दिले तरच कागदावर येते.

आपण ते लिहून दिलेत. त्यासाठी आपल्याला कोणाची परवानगी लागली नाही की एक रुपया खर्च करावा लागला नाही, म्हणूनच आधीच्या नकारांचे दुःख अधिक वाटते. हाताखालच्या माणसाचे श्रम आपल्या डोळ्यांनी पाहावेत आणि पाहिले तसे लिहून द्यावे, एवढा सरळपणा खुर्चीवर बसूनही जपणारी माणसे आहेत, हे आपल्यामुळे मला कळले.

गेल्या आठवड्यात मुलाखतीत एका सदस्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि पुढचे सगळे प्रश्न माझ्या वहीबद्दलच विचारले. निकाल अजून लागायचा आहे. यंदाच्या वहीत सातपुड्यातल्या तीन नव्या मुली आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी ती आपल्याला दाखवायला घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक, नंदुरबार