डॉमिनिकाच्या टोपलीवाल्या आजींना

प्रिय आजी,

निघताना घाईघाईत आभार मानले होते, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या माणसांनाही तुमची ओळख व्हावी असं फार वाटतं. लेक ते इंग्रजीत करून तुमच्या नातीच्या फोनवर पाठवेल.

डॉमिनिका म्हटलं की इथे बऱ्याच जणांना डॉमिनिकन रिपब्लिक आठवतं. तुमचं कॅरिबियन समुद्रातलं बेट वेगळं, लहान, डोंगराळ आणि सदा ओलं. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर कालिनागो लोकांची राखीव भूमी आहे, सुमारे 3,700 एकर. युरोपीय लोक येण्याआधीपासून या बेटांवर राहणारे तुम्ही, आणि 1903 साली तुमच्या नावे ठरली ती एवढीच जमीन! ती सगळ्यांच्या मालकीची, एकट्याला विकता येत नाही. त्याच भूमीतल्या एका बाईंनी, सिल्व्हनी बर्टन यांनी, 2023 मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, हे तुम्ही किती अभिमानाने सांगितलंत.

मी लेकीकडे आले होते, ती तिथे शिकते म्हणून. रस्त्याकडेच्या तुमच्या दुकानात एक टोपली घ्यायला थांबले आणि ती कशी विणतात ते विचारलं. तुम्ही गिऱ्हाइकाकडे नातीला बसवलंत आणि मला मागच्या पडवीत नेलंत. किमतीचा विषयही न काढता तुम्ही आधी मला लारूमा दाखवलात, ज्याच्या टोपल्या विणतात ती रानातली वनस्पती. ओलसर रानातून आणलेले त्याचे लांब, सरळ दांडे. सुरीने वरची हिरवी साल खरवडायची, उन्हात वाळवायचे, मग तांबूस रंग चढतो. काळा रंग हवा असेल तर चिखलात पुरून ठेवायचे. उभे चिरून आतला गर काढला की हातात चपट्या, लवचीक पट्ट्या येतात. विणकाम त्यानंतर. टोपलीचे पैसे लोक विणकामाचे समजून देतात, पण निम्म्याहून जास्त कष्ट त्याआधीच झालेले असतात. क्रूझ बोटीवरून उतरून भाव पाडून मागणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कसावा पिळायची ती लांब विणलेली नळीही तुम्ही मुद्दाम आतून काढून आणलीत. कडू कसाव्यात विष असतं. किसलेला कसावा नळीत भरायचा, ती टांगायची आणि खालून ओढायची. नळी लांबते, अरुंद होते आणि रस निथळून जातो. आम्ही ज्याचा साबुदाणा खातो तोच हा कंद, पण त्याच्यासाठी इतकं हुशार विणकाम झालंय, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि मग ती झाकणाची पेटी. दोन विणलेल्या भिंती आणि त्यांच्या मध्ये हेलिकोनियाची रुंद पानं, पाणी आत शिरू नये म्हणून. तुम्ही एका कोपऱ्यात भिंत अलगद फाकवून ते पान दाखवलंत, तेव्हा माझ्या तोंडून "इरलं!" असं निघून गेलं. आमच्या कोकणात भातलावणीला बाया डोक्यावर घ्यायच्या ते इरलं असंच असे, कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मध्ये पानं. आता शेतात प्लास्टिक दिसतं. तुमच्याकडे 2017 च्या मारिया वादळाने घरांची छपरं आणि जंगलाची पानं दोन्ही नेली, तरी ही विद्या तुम्ही हातातून सुटू दिली नाहीत. पहिल्या दिवशी बुडाच्या पट्ट्या माझ्याकडून मांडून घेतल्यात, नंतरही येऊ दिलंत, एक पैसा न घेता. हे मी कशाने फेडू?

कुडाळला परतल्यावर तुमच्या पेटीचे फोटो आमच्या ओळखीच्या बुरूडकाकांना दाखवले. त्यांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला, कोपऱ्याची वीण बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "ह्या बाईचो हात चांगलो आसा." पानांबद्दल त्यांना काही समजवावं लागलं नाही. काळ्या रंगाबद्दल मात्र त्यांनी दहा प्रश्न विचारले. चिखल कसला लागतो, वाहत्या पाण्याजवळचा की साचलेल्या? पट्ट्या चिरून पुरायच्या की अख्खे दांडे? बांबूवर तो रंग धरतो का ते बघायला त्यांनी थोड्या कामट्या मळ्याच्या कडेला पुरल्याही आहेत. तुमचं उत्तर नातीकडून कळवा. कामट्या बाहेर काढल्या की फोटो पाठवते.

तुमची,
कुडाळची पाहुणी