चित्रकलेचा तास कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उर्वरित महाराष्ट्रात आठवीनंतरचे शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांच्या हाती असले, तरी मराठवाड्यात निजामकाळापासूनच्या सरकारी हायस्कुलांचा वारसा जिल्हा परिषदेच्या प्रशालांकडे आला आहे. अशाच एका प्रशालेत मी शिकलो आणि आज माझी मुलगी तिथे नववीत आहे. या प्रशालेतील चित्रकला शिक्षकांची जागा ते निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे, त्याविषयी हे पत्र.

शासकीय रेखाकला परीक्षेतील इंटरमिजिएट उत्तीर्ण विद्यार्थ्याला दहावीत श्रेणीनुसार 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात. गुण सर्वांना खुले आहेत. शिकवणारा मात्र सर्वांना नाही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी गणिताच्या सरांनी स्वतःहून मुलांना बोलावले आणि स्टुलावर चादर अंथरून तांब्या व दोन कांदे मांडले. मुलांनी रंग कसे भरायचे विचारताच ते प्रामाणिकपणे म्हणाले, "सावली कुठल्या बाजूला पडते ते मी सांगतो, ती रंगवायची कशी ते मला येत नाही." या सरांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ज्यांना परवडते ते पालक मुलांना तालुक्याच्या क्लासला पाठवतात आणि बाकीच्यांची मुले परीक्षेचा अर्जच भरत नाहीत, हे कसे विसरायचे?

चित्रकला शिक्षक केवळ चित्रकलेपुरता नसतो, हे तो गेल्यावर कळते. स्नेहसंमेलनाचा पडदा, विज्ञान प्रदर्शनातली प्रतिकृती, दर्शनी फळ्यावरचा रोजचा सुविचार, सगळे त्यांच्याच हातून होत असे. शाळेचे शेवटचे हस्तलिखित कार्यालयाच्या कपाटात आहे. मुखपृष्ठावर फुललेला पळस, आत मुलांनी टाकाने लिहिलेल्या कविता. त्यानंतर अंक निघाला नाही. उपक्रम बंद पडलेले नाहीत, कागदावर तर ते वाढलेच आहेत. फक्त आता मुले हातात फलक धरून रांगेत उभी राहतात, फोटो काढून वर पाठवला जातो आणि दहा मिनिटांत उपक्रम संपतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, परंतु पटसंख्या शंभरावर असेल तरच. आमच्यासारख्या गावात या तीन वर्गांचा पट तिथवर पोहोचत नाही, आणि नववी-दहावी तर त्या कायद्याच्या कक्षेतच नाहीत. म्हणजे ज्या वयात मूल इंटरमिजिएटला बसते, नेमके त्याच वयात ते नियमातून निसटते.

त्यामुळे प्रत्येक प्रशालेला पूर्णवेळ पद द्या, असा हट्ट मी धरत नाही. पाचवी ते दहावीचा पट एकत्र धरावा आणि जवळच्या दोन-तीन प्रशालांना मिळून तासिका तत्त्वावर एक चित्रकला शिक्षक द्यावा. आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत, दोन दिवस दुसऱ्या. कलाशिक्षक पदविका घेऊन फ्लेक्सच्या दुकानात काम करणारे दोन तरुण आमच्याच तालुक्यात मला ठाऊक आहेत. मात्र ही नेमणूक जूनमध्येच व्हायला हवी. रेखाकला परीक्षा साधारणतः सप्टेंबरअखेर होते. दिवाळीनंतर आलेला आदेश त्या वर्षीच्या मुलांच्या काहीच उपयोगाचा नसतो.

आपला,
एक माजी विद्यार्थी व पालक