रॉकेट उडवायला मैदान द्या

महोदय,

ऐरोलीतील हौशी रॉकेटप्रेमींचा एक गट शाळा-महाविद्यालयांच्या संघांना रॉकेट स्पर्धांसाठी तयार करतो. कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि प्लास्टिकचे पॅराशूट एवढ्याच सामानात मुले केवढे शिकतात! गुरुत्वमध्य (रॉकेटचे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू) दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) साधारण नळीच्या एका व्यासाइतका तरी पुढे हवा, नाहीतर रॉकेट भरकटते, हे आठवीतल्या मुली रॉकेट दोरीला बांधून गरगर फिरवून तपासतात. अमेरिकेतील एका विद्यार्थी स्पर्धेत तर रॉकेटमधून कच्चे अंडे पाठवून ते न फुटता परत आणावे लागते. आपल्याकडे इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेने २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात महाविद्यालयीन संघांची स्पर्धा घेतली.

अडचण आहे ती सरावाच्या जागेची. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या रॉकेटच्या मोटरला स्फोटकांचे नियम लागू होतात, ते योग्यच आहे. त्यात नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे शहरात उंच उड्डाणे नकोतच. पण बाटलीत थोडे पाणी घालून सायकलच्या पंपाने हवा भरली की उडणाऱ्या रॉकेटला ना दारू लागते, ना आग. त्यासाठी महापालिकेने रविवारी सकाळी दोन तास एखादे मैदान द्यावे, क्रिकेटच्या सामन्यांना देतात तसे. मोठ्या उड्डाणांसाठी जिल्हा प्रशासनाने शहापूर-मुरबाडकडे मोकळी जागा ठरवावी आणि पोलीस व हवाई वाहतूक यंत्रणेची परवानगी एकाच अर्जावर मिळवून द्यावी. परीक्षा सांभाळून रॉकेट बांधणाऱ्या मुलांना कचेऱ्यांचे खेटे घालायला लावू नयेत.

— एक पालक, ऐरोली, नवी मुंबई