इन्सुलिनच्या सिरिंजला ‘पर्यायी वस्तू’ नसते

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषधविक्री विभाग

विषय : यू-१०० सिरिंजऐवजी न विचारता यू-४० सिरिंज पाठवल्याबद्दल

महोदय/महोदया,

आमच्या बोक्याला, गुंड्याला, मधुमेह आहे. सकाळी आठ आणि रात्री आठ अशा दोन वेळा त्याला ग्लार्जिन इन्सुलिन टोचावं लागतं. त्याच्या ग्लार्जिनच्या एका मिलीत १०० युनिट असतात, म्हणून त्याला नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंजच लागते. तुमच्या अ‍ॅपवर मी तीच मागवली होती, ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली. हातात आलं ते लाल टोपीच्या यू-४० सिरिंजांचं पाकीट. बिलावर त्या ओळीपुढे ‘पर्यायी वस्तू’ एवढे दोनच शब्द. फोन नाही, मेसेज नाही, माझी संमती तर नाहीच.

यू-४० सिरिंजच्या खुणा एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी आखलेल्या असतात. तिच्यावरचं एक युनिट म्हणजे ०.०२५ मिली. गुंड्याचा डोस दोन युनिटांचा. या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत ग्लार्जिन ओढलं तर ०.०५ मिली जातं, म्हणजे दोनाऐवजी पाच युनिट. अडीच पट इन्सुलिन, तेही जेमतेम पाच किलोच्या जिवाला. साखर एकदम खाली गेली की मांजराच्या अंगातलं त्राण जातं, झोकांड्या जातात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. माणूस निदान घाम फुटलाय, हात कापतायत असं सांगतो. मांजर गुपचूप पलंगाखाली जाऊन पडतं. रात्री आठला दिलेल्या इन्सुलिनचा जोर काही तासांनी चढतो. तोवर घर झोपलेलं असतं, आणि निपचित पडलेलं मांजर झोपल्यासारखंच दिसतं.

दोन्ही सिरिंजा शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांनी मला फरक दाखवला होता, म्हणून टोपीचा रंग पाहताच मी थांबले. पण मला लोकल मिळायला उशीर झाला की रात्रीचं इंजेक्शन सासूबाई देतात. त्या चष्मा लावून खुणा नीट मोजतात. पाकीट नेहमीच्याच दुकानाचं, खूणही नेहमीचीच, दोनची. त्यांना शंका का यावी? त्या संध्याकाळी मी वेळेत घरी होते, एवढ्यावरच हे निभावलं.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, ती पण इन्सुलिनचीच सिरिंज आहे.” मी वरचा हिशेब समजावून सांगितला. त्यावर, “मांजरासाठीच आहे ना?” आणि शेवटी, सिरिंज परत घेतली जात नाही. या मधल्या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही. शिवाय ग्लार्जिन काही फक्त मांजरं घेत नाहीत. बाटली आणि सिरिंज वापरणारी किती तरी वयस्कर माणसं तुमची ग्राहक असतील. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात, म्हणून लाल टोपीचा खप असेल. पण म्हणून ती नारिंगीच्या जागी चालत नाही.

आमच्या लालबागच्या नाक्यावर त्या वेळी लाल टोपीच्याच सिरिंजा होत्या. शेवटी केईएमच्या समोर एका केमिस्टकडे हवी ती मिळाली. डोसला बराच उशीर झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, एक डोस चुकला तरी चालेल, जास्त गेलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही.

या आजाराला किती जपावं लागतं हे तुमच्या माणसांना कळावं म्हणून सांगते. प्रत्येक डोसआधी आम्ही गुंड्याच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढतो. कान गार असला तर थेंब येत नाही, मग कोमट फडकं धरून बसायचं. माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसते, म्हणून मीटरसुद्धा प्राण्यांसाठीचा घेतला आहे. आकडा कमी आला तर आधी डॉक्टरांना फोन, मगच इंजेक्शन. अर्धं युनिट वाढवायचं तरी डॉक्टर वहीतले आकडे पुन्हा पुन्हा तपासतात. तुमच्या गोदामातल्या दोन शब्दांनी मात्र तीन युनिट वाढली असती.

त्याच ऑर्डरमधल्या इन्सुलिनसोबतचं जेल पॅक पूर्ण वितळलेलं होतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. ती बाटली मी वापरलेली नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. इन्सुलिन, त्याच्या सिरिंजा आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या यांना ‘पर्यायी वस्तू’ची सोय आजपासून बंद करा, माल नसेल तर नाही म्हणून कळवा. ज्या ज्या ग्राहकांना यू-१०० च्या जागी यू-४० गेली आहे त्यांना शोधून फोन करा, मेसेजवर भागवू नका. हे काम आधी, माझे पैसे नंतर. सिरिंजा आणि बाटली दोन्हींची रक्कम परत हवी, आणि पर्याय कोणी, कशाच्या आधारे मंजूर केला याचं लेखी उत्तर हवं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवणार आहे. बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन्ही सिरिंजांचे फोटो सोबत जोडले आहेत. लाल टोपीचं पाकीट आणि बाटली माझ्याकडे ठेवली आहे. तुमचा माणूस पाठवून घेऊन जा, आणि घेतल्याची सही द्या.

आपली,
एक ग्राहक, लालबाग, मुंबई