महिनाअखेरचं उणे खातं आणि अडलेलं होम लोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला, तेव्हापासून आमच्या इंदुरात जो तो फ्लॅटच्या गोष्टी करतो आहे. दर काय, किश्त किती (हो, आम्ही इंदुरी मराठीत हप्त्याला किश्तच म्हणतो), यावर तावातावाने बोललं जातं. पगाराच्या खात्यावरच्या ओव्हरड्राफ्टबद्दल, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या लिमिटपर्यंत काढता येणाऱ्या कर्जाबद्दल (थोडक्यात ओडी), मात्र कोणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो. उलट चुकीचा सल्ला दिला, म्हणून हे पत्र.

महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली. बाजारात ओडी कोणाला वावडी नाही. लग्नसराईआधी माल भरायचा, लिमिट वापरायची, उधारी वसूल झाली की खातं परत वर आणायचं. खात्यात उलाढाल दिसली तर बँकवाले पुढच्या वर्षी लिमिट वाढवूनही देत. त्यामुळे पीथमपूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला बँकेच्या अ‍ॅपवर ५० हजारांची ओडी आपसूक मिळाली, तेव्हा मी म्हणालो, "घे की. वापरशील तेवढ्याचंच व्याज."

पोरगा तसा काटकसरी. घरासाठी डाउन पेमेंट जमवायचं म्हणून ५८ हजारांच्या पगारातून एक तारखेलाच मोठी रक्कम आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) टाकायचा आणि बाकीचा खर्च ओडीतून चालवायचा. महिनाअखेरीस खातं उणे ४५ हजारांपर्यंत जायचं, पगार आला की भरून निघायचं. व्याज पडायचं किरकोळ. एकदाही चूक नाही, एकही चेक परत नाही.

राजेंद्र नगरात ४२ लाखांचा फ्लॅट पसंत पडला. बयाणा दिला आणि ३३ लाखांच्या कर्जाचा अर्ज केला. अधिकाऱ्याने सहा महिन्यांचं स्टेटमेंट उलटून पाहिलं आणि विचारलं, "दर महिन्याच्या शेवटी तुमच्याकडे शून्यसुद्धा नसतो, मग २८ हजारांची किश्त कुठून भरणार?" आरडीची पावती दाखवली, पण त्याच्या मनातली शंका काही जाईना.

दुसरी मेख मला तोवर माहीत नव्हती. जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जाची माहिती सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट संस्थांना दर पंधरवड्याने द्यावी लागू लागली, महिन्याच्या १५ तारखेची आणि शेवटच्या दिवसाची. भाच्याचं खातं सगळ्यात खोल बुडालेलं असायचं ते नेमकं शेवटच्या दिवशी. एक तारखेला तो सगळं फेडतो, हे त्या माहितीत येणार कुठून? तिथे प्रत्येक महिनाअखेरीला दिसलं, ५० हजारांच्या लिमिटपैकी ४५ हजार वापरलेले, म्हणजे ९० टक्के. वेळेवर फेडणारा माणूस कागदावर गळ्यापर्यंत कर्जात. ३०० ते ९०० मध्ये मोजला जाणारा त्याचा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या पतीचे गुण) खाली आला त्यात नवल नाही.

शिवाय त्या बँकेने पूर्ण लिमिटवरचं १५ टक्क्यांनी होणारं व्याज, महिना ६२५ रुपये, आधीची किश्त समजून त्याच्या ऐपतीतून वजा केलं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये किश्त बसते. त्या हिशेबाने बसणारं कर्ज ७२ हजारांनी कमी झालं. ओडी वापरा वा वापरू नका, लिमिट उघडी आहे एवढंच पुरे. प्रत्येक बँकेचं गणित थोडं वेगळं असतं, हे मान्य.

"सहा महिने खातं स्वच्छ ठेवून परत या," असं सांगून अर्ज परत दिला. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणाला होतात ना?" यावर काय बोलणार? व्यापाऱ्याची ओडी धंद्याच्या ताळेबंदाबरोबर पाहिली जाते, नोकरदाराची घरखर्चाबरोबर, हा फरक मला चाळीस वर्षं वह्या लिहून कळला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच, की अ‍ॅपवर "अभिनंदन, आपली लिमिट तयार आहे" असं झळकतं, तिथेच हे कर्ज म्हणून धरलं जाईल आणि महिनाअखेरची बाकी क्रेडिट संस्थांना कळवली जाईल, एवढी ओळ मराठी-हिंदीत लिहायला काय हरकत आहे? घर घ्यायचा विचार असलेल्यांनी चारही क्रेडिट संस्थांकडून वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्ट आधीच काढून पाहावा. ओडी बंद केली असेल तर ती रिपोर्टमध्येही बंद दिसते का, तेही तपासावं. बँकेने बंद केली म्हणजे तिथे लगेच उतरलीच असं नसतं.

भाच्याने ओडी बंद करून पत्र घेतलं आहे. आरडीची तारीख एकवरून पाचवर नेली आणि रक्कम कमी केली. तो फ्लॅट मात्र दुसऱ्याने घेतला. बयाण्याचे पैसे परत मिळवण्यासाठी मी गेल्या रविवारी बिल्डरच्या ऑफिसात दोन तास बसून आलो, येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे.

आपला,
एक निवृत्त मुनीम
लोकमान्य नगर, इंदूर