आपला रन फसला

आदरणीय मॅडम,

आभार त्याच रात्री मानायला हवे होते. पण माझा घसा दाटून आला होता आणि तुम्ही तर पुढचा नमुना लावायला घेतलाही होता.

वर्षभर ते पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक मला वेडावत होतं. तेच दाणे, वितळवून थंड करायचं तेही त्याच 130 अंशांवर. पण आज स्फटिक चार मिनिटांत उमटायचे, तर उद्या वीस मिनिटं वाट बघूनही पत्ता नसायचा. "तुझ्या हाताला शिस्त नाही," एका तज्ज्ञांचं निदान. दुसऱ्यांनी त्यातला बरा दिसणारा आलेख ठेवून बाकीचे विसरून जायला सांगितलं. (याला मार्गदर्शन म्हणतात.)

तुम्ही एवढंच विचारलंत, "वितळवताना किती तापवतेस?"

170. वितळबिंदू 165च्या आसपास, आणि क्ष-किरणांच्या चित्रात 14 व 17 अंश कोनांजवळ दिसणारी स्फटिकांची वलयं पुसली गेलेली; म्हणजे सगळं वितळलं, हा माझा हिशेब. तुम्ही हसलात. वलय दिसेनासं झालं म्हणून रेणूंच्या साखळ्या जुनी मांडणी विसरत नाहीत. क्ष-किरणांना जाणवणार नाहीत इतके बारीक अवशेष उरतात आणि थंड होताना स्फटिक त्यांच्यावरच वाढू लागतात. मी अगदी काठावर तापवत होते, त्यामुळे किती उरतील याचा दर वेळी नवा जुगार! 200 अंशांवर दहा मिनिटं ठेवल्यावर तीन रन, म्हणजे मोजणीच्या तीन फेऱ्या, एकावर एक बसले. स्फटिकांच्या पापुद्र्यांमधलं अंतर सांगणारं, क्ष-किरणांच्या आलेखातलं लहान कोनातलं शिखर तिन्हींत एकाच सुमाराला वर आलं.

पण मला आठवतो तो त्याआधीचा रन. झाकण मीच सैल ठेवलं होतं, वितळलेला नमुना ओघळून किरणाच्या वाटेतून बाजूला गेला. नोंदवहीत मी 'माझी चूक' लिहायला घेतलं, तर तुम्ही पेन काढून घेतलंत. लिहिलंत, 'आपला रन फसला. पुन्हा घेऊ.' खाली तुमची सही.

आपला! जिथे किरणाचं एकेक मिनिट मोजून मिळतं तिथे, पहाटे तीन वाजता, दुसऱ्याच प्रयोगशाळेतून आलेल्या मुलीला! हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, मॅडम. चुकीत वाटा मागणारं कुणी भेटलं नव्हतं.

त्या पानाचा फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. पुढच्या वेळी येईन तेव्हा झाकण दोनदा तपासेन.

तुमची,
झाकण सैल ठेवणारी