गच्चीवर हॅम रेडिओची तार बांधू देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सोसायटी, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

महोदय, स.न.वि.वि.

मागच्या मीटिंगमध्ये माझा अर्ज ‘टॉवर नको’ म्हणून दोन शब्दांत निकालात निघाला. टॉवर मी मागितलाच नव्हता. मला हॅम रेडिओसाठी (परवाना घेऊन हौसेनं चालवायचा बिनतारी संच) अँटेना म्हणून २० मीटर तांब्याची तार बांधायची आहे. टाकीजवळ वीस फुटी पाइप उभा करून तार मधोमध त्याला टांगायची आणि दोन्ही टोकं दोन बाजूंना उतरवून नायलॉनच्या दोरीनं ताणायची. टोकांना कोणाचा हात पोचणार नाही. (लांबून कपडे वाळवायची दोरी वाटेल, पण कपडे टाकू नयेत.)

ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं, वैनगंगा गावांत शिरली. माझी मावशी नदीकाठी राहते. “टोंगळ्यावर पाणी आलं रे” एवढं बोलली आणि फोन तुटला. ती शाळेच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होती, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. टॉवर बंद पडला की मोबाइल नुसता टॉर्च म्हणून कामाचा.

हॅमला मधे टॉवर लागत नाही. ७ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर आभाळाकडे जाते आणि आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत पडते. नागपूर, अमरावती त्यातच आली. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या साथीदारांनी हॅमवरूनच निरोप पोचवले होते.

परवान्याचं म्हणाल तर केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा पास होऊन तो घेतला आहे. प्रत सोबत जोडतो. धंद्याचं बोलणं त्यावर चालत नाही, त्यामुळे धानाचे भाव विचारायला कृपया येऊ नये.

कोषाध्यक्षांची विजेची भीती रास्त आहे, आपल्याकडे वीज पडते. पाइपाला वेगळं अर्थिंग करीन आणि गडगडाट सुरू झाला की सेटची केबल काढून ठेवीन. कोणाच्या टीव्हीत खरखर आली तर रात्री-अपरात्रीही दार वाजवावं. कारण सापडेपर्यंत सेट बंद राहील. खर्च सगळा माझा.

मृग लागायच्या आत काम उरकायचं आहे. येत्या रविवारी सकाळी दोन तास गच्चीची किल्ली मिळावी. कोषाध्यक्षांनाही सोबत पाठवावं, पाइप धरायला एक माणूस लागेलच.

आपला नम्र,
फ्लॅट क्र. ७